ओहोटीला मुंबईचा किनारा कसा पाहायचा: वेळ, जागा, बूट आणि नजर

मुंबईत नवा छंद लावून घ्यायचा म्हटलं की घरात जागा नाही, क्लास लांब आहे, सामान महाग आहे, ही कारणं आधी पुढे येतात. ओहोटीला किनाऱ्यावर उतरून खडकांतले जीव पाहण्याच्या छंदापुढे यातलं एकही कारण टिकत नाही. जागा समुद्र दिवसातून दोनदा मोकळी करून देतो, क्लास लागत नाही, आणि सामान म्हणजे जुने बूट आणि एक भिंग. वांद्रे, जुहू, हाजीअली इथे रोज हजारो माणसं समुद्राकडे बघत बसतात. त्यांच्यापासून शे-दोनशे पावलांवर समुद्रफुलं म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, रंगीत समुद्री गोगलगायी, कुठे कुठे ऑक्टोपस आणि जिवंत पोवळी असतात, याची त्यांतल्या बहुतेकांना कल्पना नसते.

दिसत नाहीत, कारण माणसं चुकीच्या वेळी येतात. या छंदाची सगळी मदार वेळेवर आहे. रविवार मोकळा मिळाला म्हणून अकरा वाजता कार्टर रोडला गेलात आणि त्या दिवशी पौर्णिमा असेल, तर लाटा भिंतीला धडकत असतील. आधी तिथी बघायची, मग त्या दिवशी सुटी जुळते का ते बघायचं. हा क्रम उलटा केला की हात हलवत परत यावं लागतं.

तिथीवरून वेळ काढणं

मुंबईच्या समुद्राला दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात, आणि ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कोळीवाड्यांत आणि सगळ्या कोकणपट्टीत यासाठी एक सोपा हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. म्हणजे तीनने गुणून चारने भागा. येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहा वाजता. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी.

हा हिशेब कुठे चुकतो तेही माहीत हवं. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. रोजची तीन मिनिटं साठत जातात आणि पौर्णिमेपर्यंत हिशेब पाऊण तास मागे पडतो. सूत्राने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते, प्रत्यक्षात ती बाराच्या आसपास असते. म्हणून दशमीनंतर उत्तरात अर्धा ते पाऊण तास मिळवा. महिन्याभराचं नियोजन करायला एवढं पुरतं. नेमकी मिनिटं मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यायची.

वेळेइतकीच पाणी किती खोल उतरतं ही गोष्ट महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. त्या दिवसांत पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवसांत ओहोटीचं पाणी सरासरी ०.७६ मीटरपर्यंत उतरतं, भांगाला मात्र १.८६ मीटरवरच थांबतं. मधल्या मीटरभर पट्ट्यातच सगळी गंमत आहे, आणि भांगाला तो पाण्याखाली राहतो. हे आकडे समुद्राच्या नकाशासाठी ठरवलेल्या तळरेषेपासून मोजलेले असतात, त्यामुळे शून्य म्हणजे समुद्र आटला असा अर्थ नाही. तक्त्यात ०.८ च्या खालचा आकडा दिसला की तो दिवस राखून ठेवा. ०.५ च्या खालचा दिसला तर रजा टाकायला हरकत नाही.

आता तिथी आणि उजेड यांची सांगड घाला. चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्येला ओहोटी संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान येते. दिवसातली दुसरी, सकाळची ओहोटी तृतीयेपर्यंत सरकत सात-आठवर जाते. म्हणजे संध्याकाळी जायचं तर चतुर्दशी-पौर्णिमा, सकाळी जायचं तर द्वितीया-तृतीया. सर्वांत मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, म्हणून नवख्यांनी सकाळचीच वेळ धरावी. उतरताना उजेड वाढत असतो, आणि परतायला थोडा उशीर झाला तरी अंधारात खडकांवर अडकायची भीती नाही.

तक्ता वाचताना दोन चुका नेहमी होतात. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. एक ०.३ ची, दुसरी १.२ ची असू शकते, म्हणून वेळेसमोरचा आकडा वाचल्याशिवाय निघू नका. आणि सकाळ-संध्याकाळची गल्लत टाळायला चोवीस तासांचं घड्याळ दाखवणारा तक्ता घ्या. मुंबईचे आकडे बहुधा अपोलो बंदराचे असतात. वर्सोवा-मढकडे काही मिनिटांचा फरक पडतो, त्याने बिघडत नाही.

उतरायची वेळ आणि फिरायची वेळ

ओहोटी सात वाजता असेल तर साडेपाचला किनाऱ्यावर हजर राहा. पाणी मागे सरकत जातं तसतसे तुम्ही त्याच्या मागोमाग खाली उतरता, आणि ओहोटीच्या क्षणी सर्वांत खालच्या खडकांवर असता. ओहोटीची वेळ झाली की घड्याळ बघा. त्यानंतर वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मग समोर काहीही दिसत असो, वर फिरायचं.

याचं कारण पाणी चढण्याच्या पद्धतीत आहे. चढ एकसारखा नसतो. ओहोटी ते भरती या सहा तासांचे बारा हिस्से धरा: पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. उधाणाला चार मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर पाणी वाढतं. दुसऱ्या तासात ६७, तिसऱ्यात पूर्ण एक मीटर. पहिला तास शांत जातो, म्हणून माणूस गाफील राहतो, आणि तिसऱ्या तासाला पाणी गळ्याशी येतं. त्यात मुंबईचे खडक सपाट पसरलेले आहेत. उंचीला फूटभर वाढलेलं पाणी आडवं कित्येक मीटर आत येतं.

त्याहून मोठा धोका पाठीमागून येणाऱ्या पाण्याचा. खडकांमध्ये सखल चर असतात. भरती सुरू झाली की समोरचा उंच खडक कोरडा असतानाच पाणी या चरांतून तुमच्या मागे शिरतं आणि परतीची वाट तोडतं. म्हणून उतरताना जो चर ओलांडाल तो लक्षात ठेवा, आणि त्यात पाणी हलायला लागलं की घड्याळ काहीही सांगो, परत फिरा. किनाऱ्यावर कालवं काढायला आलेल्या कोळणी भेटतात. "मावशी, इथे पाणी कुठून भरतं?" एवढं विचारलंत तर कुठल्याही अॅपवर मिळणार नाही अशी माहिती मिळेल. त्यांचं काम तासा-दीड तासाचं आणि पोटापाण्याचं असतं, म्हणून हात चालू असताना गप्पांत अडकवू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

एकट्याने उतरायचं नाही. दोघांपैकी एकाचं लक्ष खडकाकडे असलं तर दुसऱ्याचं पाण्याकडे हवं. जून ते सप्टेंबर हा छंद बंद. पावसाळ्यातल्या लाटांना तक्ता लागू पडत नाही, वाऱ्याने पाणी अंदाजापेक्षा बरंच वर येतं, आणि ओला खडक शेवाळाने निसरडा झालेला असतो. नोव्हेंबर ते मे हा हंगाम. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, कारण खडकांवर समुद्री शेवाळ भरात असतं आणि उन्हाचा त्रास नसतो.

कुठे जायचं

पहिल्या खेपेला वांद्र्याचा कार्टर रोड किंवा जुहू. कार्टर रोडला काळ्या बेसॉल्टचे सपाट खडक आहेत, उतरायला सोपं आहे आणि वर माणसांची वर्दळ असते. जुहूला वाळू आणि खडक दोन्ही एकाच फेरीत पाहायला मिळतात. ओहोटीला वाळूच्या पुढे खडकांचे पट्टे उघडे पडतात, ते कठड्यावरून पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत. गिरगाव चौपाटी वाळू आणि चिखलाची. तिथे खडकांतले जीव कमी, पण शिंपले, वाळूत राहणारे खेकडे आणि किड्यांच्या नळ्या भरपूर. हाजीअलीच्या खडकांवर जिवांची विविधता मोठी आहे, मात्र कोस्टल रोडच्या भरावानंतर ब्रीच कँडी, हाजीअली आणि वरळीचा किनारा बदलला आहे. आधी वरून पाहणी करा आणि जिथून उतरायची परवानगी आहे तिथूनच उतरा.

मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, उतरू नका. फटी खोल असतात, पाय अडकला की बाहेर येणं कठीण, आणि पाणी खालून वर येतं. अक्साच्या किनाऱ्यावर पाण्यात शिरायचं नाही, तिथल्या ओढीने अनेकांचे जीव घेतले आहेत. शिवडीसारख्या चिखलाच्या किनाऱ्यांवर पायही ठेवू नका. मांडीपर्यंत रुतलं की एकट्याला निघता येत नाही. रोहित पक्षी पाहायचे तर ते काठावरून.

बूट, कपडे, पिशवी

पैसे खर्च करायचे तर बुटांवर. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात, त्यामुळे चप्पल, सँडल, फ्लोटर सगळं बाद. बोटं झाकणारे, रबरी तळव्याचे जुने कॅनव्हासचे किंवा खेळाचे बूट चालतात. गमबूट घालू नका. वरून पाणी शिरलं की ते बादलीसारखे भरतात आणि पाय उचलत नाही. पॅन्ट पूर्ण लांबीची, पातळ, लवकर वाळणारी. जीन्स ओली झाली की जड होते.

पिशवीत पिण्याचं पाणी एक लिटर, साबणाची वडी, जंतुनाशक मलम, पट्ट्या, चिमटा, मोबाइलसाठी पारदर्शक झिपची पिशवी, दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, वही आणि पेन्सिल. ओल्या हाताने पेनाची शाई पसरते, पेन्सिल टिकते. एक काळी छत्रीही घ्या, तिचं काम पुढे सांगितलं आहे. बादली, जाळी, बरणी यांपैकी काही घ्यायचं नाही. मुलांना नेत असाल तर ही गोष्ट घरीच स्पष्ट करा. हातात बादली असली की ती भरायची इच्छा होतेच.

वरून खाली पाहत जा

किनाऱ्यावर जीव कुठेही राहत नाहीत. कोण किती वेळ कोरडं राहू शकतो यावरून प्रत्येकाची उंची ठरलेली असते. सर्वांत वर, जिथे पाणी फक्त भरतीला येतं, तिथे वाटाण्याएवढ्या गोगलगायी आणि पांढरे खरखरीत बार्नॅकल दिसतात. बार्नॅकल दगडाचा भाग वाटतो, पण तो खेकड्या-कोळंबीच्या कुळातला प्राणी आहे. डोकं खडकाला चिकटवून तो आयुष्यभर उलटा राहतो आणि पाणी आलं की झाकण उघडून पिसासारखे पाय बाहेर काढून अन्न ओढून घेतो. चार्ल्स डार्विनने या जिवांच्या अभ्यासाला आठ वर्षं दिली होती. थोडं पाणी साचलेल्या जागी भिंग लावून बसा, पाय हलताना दिसतात.

त्याखाली कालवांचा पट्टा. मग खडकावर गादीसारखे पसरलेले, हिरवट-तपकिरी, बटणांएवढे मऊ गोल दिसू लागतात. हे झोअँथिड, पोवळ्यांचे नातेवाईक. ते उघड्यावर मिटून बसतात, म्हणून नवखी माणसं शेवाळ समजून त्यावरच पाय देतात. पाय देऊ नका आणि बोटही लावू नका. यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, आणि तेच बोट डोळ्याला लागलं तर इजा होते. याच पट्ट्यातल्या फटींत समुद्रफुलं, खडकाला टोपीसारख्या चिकटलेल्या लिम्पेट नावाच्या गोगलगायी, आणि शंखातले खेकडे. शंखातल्या खेकड्याचं मागचं अंग मऊ, उघडं असतं, त्याला मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख लागतोच. अंग वाढलं की मोठा शंख शोधावा लागतो. किनाऱ्यावरचा रिकामा शंख खिशात टाकणं म्हणजे त्यांचं घर उचलणं.

सर्वांत खालचा पट्टा फक्त मोठ्या ओहोटीलाच उघडा पडतो. स्पंज, पोवळी, समुद्री पंखे म्हणजे पंख्यासारखे पसरलेले पोवळ्यांचे नातेवाईक, न्यूडिब्रँक म्हणजे कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी, आणि नशीब असेल तर ऑक्टोपस. ऑक्टोपस शोधायचा तर त्याला शोधू नका. बिळाच्या तोंडाशी खेकड्यांच्या फुटक्या कवचांचा आणि शिंपल्यांचा कचरा पडलाय का ते पाहा.

वाळूवरही थांबा. ओल्या वाळूत छोट्या बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते, ती वाळूतल्या चिमुकल्या खेकड्यांची. दोन मीटरवर उकिडवे बसा आणि सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. तुमची हालचाल थांबली की चार-पाच मिनिटांत एकेक खेकडा बाहेर येतो. नांग्यांनी वाळू उचलून तोंडात घालतो, कणांना चिकटलेलं सूक्ष्म अन्न वेगळं करतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून सरळ रेषेत बाहेर जात, परत येत, पुन्हा नव्या रेषेत. त्यामुळे नक्षी बिळाभोवती किरणांसारखी पसरते. तुम्ही हात हलवलात की सगळे एका क्षणात गडप. भरतीचं पाणी ती नक्षी पुसून टाकतं आणि पुढच्या ओहोटीला काम पुन्हा पहिल्यापासून.

एकच डबकं धरून ठेवा

नवखी माणसं दोन तासांत अर्धा किलोमीटर चालतात आणि काही दिसलं नाही म्हणतात. खडकांतलं परातीएवढं एक डबकं निवडा, पाणी वीतभर खोल असेल असं, आणि त्याच्या काठी पंधरा मिनिटं बसा. पहिली दोन-तीन मिनिटं ते रिकामंच वाटतं, कारण तुमच्या पावलांच्या हादऱ्याने सगळे लपलेले असतात. मग कोळंबीची पारदर्शक मिशी दिसते, तळाशी दगड वाटलेला मासा सरकतो, शंख चालू लागतो. पाण्यावर आकाशाची चकाकी येऊन तळ दिसत नसेल तर काळी छत्री डबक्यावर धरा. चकाकी जाते आणि फोटोही स्वच्छ येतो.

त्याच डबक्याकडे दर उधाणाला, म्हणजे पंधरवड्यातून एकदा, परत जा. ठिकाण, तारीख, तिथी, ओहोटीची वेळ आणि उंची, पाणी गढूळ की नितळ, काय किती दिसलं, एवढं वहीत लिहा. उन्हाळ्यात अशा डबक्यातलं पाणी तापतं, आटतं आणि खारटपणा वाढतो. पहिल्या पावसात गोडं पाणी मिसळून तो एकदम घसरतो. कोण टिकतं आणि कोण नाहीसं होतं, हे एका डबक्याच्या वर्षभराच्या नोंदींत जितकं कळतं तितकं वीस किनारे पालथे घालून कळत नाही. या छंदात गोडी लागते ती इथेच.

छोटा दगड उलटून पाहायचा असेल तर दोन्ही हातांनी, तुमच्याकडे झुकवत उचला, म्हणजे पलीकडचे जीव चिरडत नाहीत. पाहून झालं की त्याच खड्ड्यात, तीच बाजू खाली ठेवून परत ठेवा. दगडाखालचे जीव ओल आणि अंधाराचे असतात. दगड उताणा राहिला तर ते उन्हात मरतात आणि वरचं शेवाळ खाली कुजतं. मोठ्या, रुतलेल्या दगडांना हात लावू नका.

जिवंत काही उचलायचं नाही, हा नियम शिष्टाचारापुरता नाही. पोवळी, समुद्री पंखे, समुद्रकाकड्या आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ती तोडणं, घरी नेणं हा गुन्हा आहे. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख दिसला तर तोही हातात घेऊ नका. आतली गोगलगाय विषारी काटा मारते, तो काटा कुठल्या बाजूला वळेल सांगता येत नाही.

फोटो आणि नाव

जिवाचं नाव एका फोटोवरून ठरत नाही. वरून एक, बाजूने एक, आणि आसपासची जागा दिसेल असा एक. आकार कळायला शेजारी नाणं ठेवा आणि नंतर आठवणीने उचला. फ्लॅश बंद. मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद चालू ठेवा. हे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले की जाणकार नाव सुचवतात, आणि तुमची नोंद अभ्यासकांच्या उपयोगाला येते. मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट हेच काम करतो आणि ओहोटीच्या फेऱ्या काढतो. पहिली फेरी अशा जाणत्यांबरोबर केली तर नजर लवकर तयार होते. कोळीवाड्यातली नावंही वहीत लिहून ठेवा: कालवं, तिसऱ्या, खुबे, शिणाणे, निवट्या, पाकट, चिंबोऱ्या. गावागणिक नावं बदलतात, म्हणून नावापुढे ठिकाण लिहा.

लागलं, चावलं तर

सर्वांत जास्त होतं ते कालवांनी कापणं. जखम पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवा, आतले कवचाचे तुकडे निघाले पाहिजेत, मग मलम आणि पट्टी. मुंबईच्या किनाऱ्यावर सांडपाणी मिसळतं, त्यामुळे साधी चीरही पिकते. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते तपासा. पायाला आधीच जखम असेल किंवा मधुमेह असेल तर पाण्यात पाय घालू नका.

उथळ पाण्यातल्या वाळूवरून चालताना पाऊल उचलून टाकू नका, घासत पुढे न्या. वाळूत दबलेलं पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, त्या हालचालीने बाजूला होतं, पाऊल वरून पडलं तर शेपटीचा काटा मारतं. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कित्येकांना याचा अनुभव आला. काटा लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने वेदना उतरते. आधी हाताने पाणी तपासूनच, नाहीतर बधिर पाय भाजतो. काटा खोल रुतला असेल तर ओढून काढू नका, दवाखाना गाठा.

पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे जुहू, अक्साला निळसर फुग्यासारखे जीव वाळूवर पडलेले दिसतात. त्यांचे दोरे मेल्यावरही डंख मारतात. अंगाला लागले तर चोळू नका, वाळू लावू नका. चिमट्याने किंवा जाड कापडाने दोरे काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग गरम पाण्यात वीसेक मिनिटं. छातीत दडपण, श्वासाला त्रास, चक्कर यांपैकी काही वाटलं तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

घरी आल्यावर

बूट गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवून सावलीत वाळवा. उन्हात ठेवले की तळव्याचा गोंद सुटतो. भिंगाचा स्क्रू आणि चिमटा पुसून त्यावर खोबरेल तेलाचा थेंब लावा, मीठ राहिलं की आठवड्यात गंज चढतो. पायाला डांबराचे काळे डाग लागले असतील तर साबणाने निघत नाहीत. खोबरेल चोळून पाच मिनिटं ठेवा, कापडाने पुसा आणि मग साबण लावा. वहीतल्या नोंदी त्याच रात्री पक्क्या करा, फोटोंना नावं द्या आणि पुढच्या उधाणाच्या तारखा कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.